लिसू लिपी वाचायला कशी शिकावी: मराठी वाचकासाठी मार्गदर्शन

अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, तीन बाजूंनी म्यानमारने वेढलेले विजयनगर नावाचे एक खोरे आहे. तिथल्या लिसू माणसाच्या हातातले गीतांचे पुस्तक प्रथमच पाहणाऱ्याला छपाईत काहीतरी घोटाळा झाला आहे असेच वाटते. सगळी अक्षरे रोमन, तीही मोठ्या लिपीतली, त्यांपैकी बरीचशी उलटी बसवलेली, आणि जागोजागी टिंबे व स्वल्पविराम विखुरलेले. प्रत्यक्षात त्या पानावर एकही चूक नसते. ही लिसू लोकांची स्वतःची लिपी आहे. चीनच्या युन्नान प्रांतातील नू नदीच्या खोऱ्यात, म्यानमारच्या काचिन राज्यात आणि आपल्या विजयनगरात हीच अक्षरे वाचली जातात. लिसू समाजाचा इतिहास आणि संस्कृती समजून घ्यायची असेल, तर मराठी माणसाने सुरुवात लिपीपासून करावी असे माझे मत आहे, कारण तिच्या निम्म्याहून अधिक अवघड जागा आपल्या कानाने आणि जिभेने लहानपणीच ओलांडलेल्या असतात.

अक्षरांकडे वळण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांची थोडी ओळख असायला हवी. लिसू भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली आहे. चीनच्या 2020 च्या जनगणनेत लिसू लोकांची संख्या सुमारे 7 लाख 63 हजार नोंदली गेली, आणि त्यांतील मोठा भाग नूच्यांग लिसू स्वायत्त प्रांतविभागात व त्याच्या आसपास राहतो. ही नू नदी पुढे म्यानमारमध्ये सालविन म्हणून ओळखली जाते. सोळाव्या शतकात लीच्यांगच्या मू घराण्याच्या लढायांना आणि वेठबिगारीला कंटाळून लिसूंचे अनेक गट लान्त्सांग नदी, म्हणजे वरच्या अंगाची मेकाँग, ओलांडून पश्चिमेकडे नूच्या खोऱ्यात आले, आणि पुढच्या पिढ्यांत डोंगरामागून डोंगर ओलांडत ब्रह्मदेशात, थायलंडात आणि भारताच्या टोकापर्यंत पोहोचले. 1961 मध्ये आसाम रायफल्सची तुकडी विजयनगरच्या खोऱ्यात उतरली, तेव्हा तिथे लिसू वस्ती होतीच. सरकारी कागदपत्रांत त्यांना 'योबिन' म्हणतात. बरीच वर्षे त्यांना सीमेपलीकडून आलेले परके समजले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्या सीमेवरून त्यांना परके ठरवले, ती सीमा त्यांच्या पायवाटांपेक्षा कितीतरी नंतरची आहे.

या डोंगरपट्ट्यातल्या अनेक समाजांत अशी कथा सांगतात की, फार पूर्वी देवाने सर्वांना लिपी वाटली, आपली लिपी कातड्यावर लिहिलेली होती आणि ते कातडे खाल्ले गेले, म्हणून आपण लिपीवाचून राहिलो. लिसूंमध्येही ही कथा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, 1915 च्या सुमारास, सारा बा थॉ या कारेन धर्मोपदेशकाने लिसूंसाठी रोमन मोठ्या अक्षरांची मांडणी तयार केली, आणि जेम्स फ्रेझर या इंग्रज मिशनऱ्याने ती सुधारून पक्की केली. जगभर ही लिपी फ्रेझरच्या नावाने ओळखली जाते, पण मूळ कल्पना बा थॉ यांची होती हे शिकणाऱ्याने लक्षात ठेवावे. 'सारा' हे त्यांचे नाव नसून 'गुरुजी' या अर्थाचे संबोधन आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1920 च्या दशकात, वेइशी परगण्यातल्या वांग रेन्बो नावाच्या एका लिसू शेतकऱ्याने कोणत्याही परकीय नमुन्याशिवाय एक हजाराहून अधिक चिन्हांची संपूर्ण वेगळी लिपी रचली, ज्यात प्रत्येक उच्चारावयवाला, म्हणजे 'मा', 'लि' अशा एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, एक चिन्ह होते. चीनमध्ये 1950 च्या दशकात सरकारने लॅटिन अक्षरांची आणखी एक पद्धत तयार केली. लोकांनी मात्र गीतांच्या पुस्तकांतून घरोघरी गेलेली जुनी लिपी सोडली नाही, आणि अखेर 1992 मध्ये चीन सरकारने तिला अधिकृत मान्यता दिली. एकाच भाषेला अनेक लिप्या असणे हे मोडी आणि बाळबोध दोन्ही पाहिलेल्या मराठी वाचकाला नवे वाटायचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळू. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्यावा, त्याचे दोन बोटे रुंदीचे चौकोन कापावेत आणि प्रत्येक चौकोनावर एकेक मोठे रोमन अक्षर ठळक काढावे. वहीत तक्ता करून पाठ करण्यापेक्षा ही रीत मला कितीतरी उपयोगी पडली, कारण या लिपीचे मर्मच अक्षर हातात धरून फिरवण्यात आहे. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हाताशी असलेला खिळा उलटा बसवून नवे अक्षर मिळवू शकत असे, आणि नवा साचा ओतण्याचा खर्च वाचत असे. आपणही तेच करायचे आहे. फिरवणे म्हणजे अर्धी गिरकी, आरशातले प्रतिबिंब नव्हे. पी अर्धी गिरकी घेतो तेव्हा तो छोट्या लिपीतल्या डी सारखा दिसतो. बी, सी, डी, ई आणि के यांचा वरचा व खालचा भाग सारखाच असल्यामुळे ती अक्षरे फिरवल्यावर तोंड डावीकडे वळवल्यासारखी भासतात. टी, एल आणि एफ तर सरळसरळ डोक्यावर उभे राहतात.

पहिल्या संध्याकाळी फक्त सरळ अक्षरांतील सोपी अक्षरे घ्यावीत. बी म्हणजे ब, डी म्हणजे द, जी म्हणजे ग, एम म्हणजे म, एन म्हणजे न, एल म्हणजे ल, एस म्हणजे स, डब्ल्यू म्हणजे व, वाय म्हणजे य. यांच्यासोबत एक नियम लगेच शिकावा, तो असा की व्यंजनापुढे कोणताही स्वर लिहिलेला नसेल तर त्यात 'आ' आहे असे समजावे. नुसता एम म्हणजे 'मा', नुसता एस म्हणजे 'सा'. रोमन लिपीवर वाढलेल्या वाचकाला हा नियम विचित्र वाटतो, पण आपण पहिलीत 'क' शिकतो तेव्हा त्यात अ दडलेला असतोच, त्यामुळे आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की देवनागरीत इतर स्वर काना, मात्रा, वेलांटीने व्यंजनाला चिकटतात, तर इथे ते पूर्ण अक्षर म्हणून शेजारी उभे राहतात. एल आणि आय मिळून 'लि', एस आणि यू मिळून 'सु'. चार चौकोन टेबलावर मांडले की या लोकांचे नाव त्यांच्याच लिपीत तयार होते.

दुसऱ्या दिवशी पी, टी, के आणि सी हे चार चौकोन घ्यावेत. सरळ पी म्हणजे प, फिरवलेला पी म्हणजे फ. सरळ टी म्हणजे त, फिरवलेला थ. सरळ के म्हणजे क, फिरवलेला ख. सरळ सी म्हणजे चिमणीतला च, फिरवलेला छत्रीतला छ. अल्पप्राण अक्षर उलटे केले की महाप्राण झाले, इतकी ही व्यवस्था सरळ आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिकणाऱ्याला प आणि फ यांतला भेद कानाला पकडायलाच अनेक आठवडे जातात. मराठी मुलाला मात्र 'पळ' आणि 'फळ' यांत गोंधळ होत नाही. इथे एकच सावधगिरी हवी. आजकाल आपण 'फ' दात ओठावर टेकवून, 'फोन'मधल्यासारखा उच्चारू लागलो आहोत, आणि तो लिसू भाषेत चालत नाही. दोन्ही ओठ मिटून, जुन्या माणसांसारखा 'फ' म्हणावा लागतो. दातांनी होणाऱ्या 'फ'साठी लिसूंनी वेगळे अक्षर ठेवले आहे, ते म्हणजे फिरवलेला जे.

आता या लिपीतली माझी सर्वांत आवडती जागा. एफ दिसला की सवयीने 'फ' म्हणण्याचा मोह होतो, पण लिसू लिपीत एफ म्हणजे चाकातला च, आणि झेड म्हणजे जागेतला ज. मराठी व्याकरण ज्यांना दंततालव्य म्हणते, तेच हे उच्चार. 'चिमणी'चा च आणि 'चाक'चा च, 'जेवण'चा ज आणि 'जागा'चा ज वेगळे आहेत हे मराठी माणूस न शिकता जाणतो, पण लिहिताना एकच अक्षर वापरतो आणि अमराठी माणूस 'चाक' चुकीचे म्हणाला की मनातल्या मनात हळहळतो. लिसू लिपीने हा भेद कागदावर उतरवला आहे. सी आणि जे तालव्य उच्चारांसाठी, एफ आणि झेड दंततालव्य उच्चारांसाठी. एफ फिरवला की दंततालव्य च महाप्राण होतो, आणि हा उच्चार मात्र मराठीत नाही. 'चाक' म्हणताना तोंडासमोर तळहात धरावा आणि 'फळ' म्हणताना लागते तशी हवा हाताला लागेपर्यंत च जोराने सोडत राहावा. शिवाय आपला दंततालव्य च सहसा इ किंवा ए यांच्यापुढे येत नाही, लिसूत तो येतो, त्यामुळे तिथे थोडा सराव लागेल.

यानंतर फसवी अक्षरे येतात. अर्धी गिरकी म्हणजे महाप्राण हा नियम फक्त पी, टी, के, सी आणि एफ या पाचांपुरता आहे, कारण लिसू भाषेत भ, ध, घ हे उच्चारच नाहीत. फिरवलेला बी म्हणजे भ नव्हे, तर गझल गाणारे 'ग़म' म्हणताना घशात घासून काढतात तो ग़. फिरवलेला डी तर व्यंजनही नाही, तो एक स्वर आहे. एच म्हणजे ह नसून 'ख़बर'मधला घासलेला ख़. खरा ह व्ही या अक्षराने लिहितात, आणि तोही नाकातून, फोनवर समोरच्याचे ऐकताना आपण 'हं' म्हणतो तसा. व्ही उलटा केला की डोंगराच्या शिखरासारखे चिन्ह होते, आणि ते म्हणजे आपला ङ. 'वाङ्मय' लिहिण्यापुरताच उरलेला हा बिचारा वर्ण लिसू भाषेत शब्दाच्या आरंभी ताठ उभा असतो. 'अंग' म्हणताना ग यायच्या आधी जीभ जिथे टेकते, तिथूनच शब्द सुरू करायचा. आर म्हणजे र नाही, इंग्रजी 'व्हिजन'मधला ज आहे, आणि फिरवलेला आर म्हणजे 'ज़िंदगी'तला ज़. एक्स म्हणजे श. हे शेवटचे गोव्यातल्या वाचकाला ओळखीचे वाटेल, कारण रोमी कोंकणीतही एक्स हा श साठीच लिहितात.

स्वर दहा आहेत. ए, ई, आय, ओ, यू यांचे उच्चार अनुक्रमे आ, ए, इ, ओ, उ. फिरवलेला ए म्हणजे साधारणपणे 'ॲप'मधला ॲ. उरलेले चार, म्हणजे फिरवलेले ई, यू, एल आणि डी, मराठीत नाहीत, आणि ते वाचून शिकता येत नाहीत. फिरवलेल्या यूसाठी ओठ 'उ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवावी. फिरवलेल्या एलसाठी उलट करावे, म्हणजे 'उ' म्हणता म्हणता ओठ हसल्यासारखे पसरावेत. बाकी दोन कान देऊन ऐकल्याशिवाय जमणार नाहीत, म्हणून सध्या पुढे जावे.

टिंबे आणि स्वल्पविराम ही विरामचिन्हे नाहीत. लिसू भाषेत उच्चाराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि सहा सुरांसाठी सहा चिन्हे अक्षरानंतर लिहितात. एक टिंब म्हणजे उंच सूर. स्वल्पविराम म्हणजे खालून वर चढणारा. शेजारी दोन टिंबे म्हणजे मधला पण घसा आवळलेला. टिंब आणि त्यामागे स्वल्पविराम म्हणजे मोकळा मधला. टिंबाखाली स्वल्पविराम, म्हणजे आपले अर्धविरामाचे चिन्ह, म्हणजे उतरता आणि आवळलेला. एकावर एक दोन टिंबे म्हणजे खालचा. विसर्ग समजून तिथे 'ह' उच्चारण्याची चूक देवनागरी वाचकाकडून हमखास होते, माझ्याकडूनही झाली. मग वाक्य संपल्याचे कसे कळणार? त्यासाठी गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखे चिन्ह असते, आणि वाक्यातल्या थांब्यासाठी आडवी रेघ व टिंब. तीस व्यंजने, दहा स्वर, सहा सूर आणि ही दोन विरामचिन्हे मिळून अठ्ठेचाळीस चिन्हांत लिपी संपते.

आता अंक वाचून पाहावेत. सुरांची चिन्हे पहिल्या फेरीत बाजूला ठेवली तरी चालेल. फिरवलेला टी आणि आय म्हणजे 'थि', एक. नुसता एस म्हणजे 'सा', तीन. एल आणि आय म्हणजे 'लि', चार. शिखराचे चिन्ह आणि डब्ल्यू म्हणजे 'ङ्वा', पाच. फिरवलेला सी आणि ओ म्हणजे 'छो', सहा. के आणि यू म्हणजे 'कु', नऊ. फिरवलेला एफ आणि आय म्हणजे दहा. यांतला 'ङ्वा' नीट पाहण्यासारखा आहे, कारण 'मी' या अर्थाच्या शब्दातही तीच अक्षरे आहेत आणि केवळ सुराने दोन्ही वेगळे होतात. पाचचा सूर खालचा, 'मी'चा मधला. ब्रह्मी भाषेतही 'पाच' आणि 'मी' दोन्ही 'ङा' आहेत आणि सुरानेच ओळखले जातात. दोन भाषांचे नाते कोणत्याही पुस्तकाच्या मदतीविना इथे हाताला लागते.

अंकांनंतर माणसे आणि देवस्थाने. एन आणि आय म्हणजे 'नि', अर्थात आत्मा किंवा अदृश्य शक्ती. त्यापुढे एकटा फिरवलेला पी ठेवला की 'निफा' होतो. 'फा' हा पुरुषवाचक प्रत्यय आहे. अंगात वारे आणून पूर्वजांशी बोलणारा आणि आजाराचे कारण सांगणारा तो निफा. मराठी गावात ज्याने देवऋषी पाहिला आहे त्याला हे काम ओळखता येईल. थायलंडमधल्या ज्या लिसू गावांनी जुना धर्म टिकवला आहे तिथे वस्तीच्या वरच्या अंगाला 'आपा मो' या गावरक्षक देवतेचे छोटे ठाणे असते. 'आपा' म्हणजे आजोबा, आणि 'मो' म्हणजे वयोवृद्ध. हा शब्द ए या अक्षराने सुरू होतो, कारण व्यंजनाविना येणारा 'आ' मात्र लिहावाच लागतो. नूच्या खोऱ्यात, काचिनमध्ये आणि विजयनगरात बहुसंख्य लिसू ख्रिस्ती झाले आहेत, त्यामुळे तिथल्या छापील मजकुरात हे शब्द क्वचित भेटतील, आणि चार आवाजांत वाद्यांविना गायली जाणारी भक्तिगीतेच अधिक भेटतील.

फिरवलेला के आणि ओ म्हणजे 'खो', वर्ष. नव्या वर्षाच्या सणाचे नाव याच अक्षराने सुरू होते. नूच्यांगमध्ये सरकारी सोयीने तो 20 डिसेंबरपासून तीन दिवस साजरा होतो, तर थायलंडचे लिसू चिनी नववर्षाच्या वेळी घरोघरी अंगणात रोवलेल्या झाडाभोवती फेर धरून तीन तारांच्या वाद्यावर रात्रभर नाचतात. या वर्षाची जुनी वाटणी महिन्यांच्या नावांसकट शिकावी अशी आहे. नूच्या खोऱ्यातले लिसू वर्षाचे दहा भाग करत: फुले उमलण्याचा, पक्षी बोलण्याचा, डोंगर जाळण्याचा, उपासमारीचा, रानातले गोळा करण्याचा, कापणीचा, दारू गाळण्याचा, शिकारीचा, नववर्षाचा आणि घर बांधण्याचा. डोंगर जाळून पेरलेला मका आणि बकव्हीट हाती येईपर्यंत कोठार रिकामे होत असे, म्हणून उपासमारीला स्वतःचा महिना मिळाला. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ज्या घरांनी आषाढ-श्रावणात कंदमुळांवर दिवस काढले आहेत, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

संगणकावर वाचण्या-लिहिण्यासाठी एक गोष्ट पाळावी. 2009 मध्ये युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक ठरवून देणाऱ्या प्रमाणपद्धतीने, या लिपीला स्वतंत्र जागा दिली, आणि 'नोटो सान्स लिसू' हा टंक विनामूल्य मिळतो. डोळ्यांना लिसू ए आणि रोमन ए एकसारखे दिसले तरी संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे आहेत. रोमन कळफलकावरून लिहिलेला लिसू मजकूर शोधात सापडत नाही आणि त्यातली उलटी अक्षरे दुसऱ्याच लिप्यांतून उसनी आणावी लागतात, म्हणून सुरुवातीपासूनच लिसू कळफलक वापरावा. सुरांसाठी मात्र माणूसच हवा. विजयनगरला जायचे झाल्यास अरुणाचलचा इनर लाइन परमिट आधी काढावा, आणि मियाओहून नामदाफाच्या जंगलातून जाणाऱ्या सुमारे 157 किलोमीटरच्या वाटेची, विशेषतः पावसाळ्यातल्या तिच्या अवस्थेची, आगाऊ चौकशी करावी. वाटेतल्या गांधीग्रामला लिसू 'शिदी' म्हणतात. तिथे कुणाकडून वाचून घेताना 'योबिन' न म्हणता 'लिसू' म्हणावे.

शेवटचा सराव आपल्याच नावांवर करावा. के, एम आणि एल हे तीन चौकोन मांडून 'कमल' लिहिले असे वाटेल, पण लिसू वाचक ते 'कामाला' असे वाचेल, कारण या भाषेत प्रत्येक उच्चारावयव स्वरावर संपतो आणि नुसत्या व्यंजनावर थांबताच येत नाही. 'कुसुम' त्यामुळे 'कुसुमा' होईल. 'मराठी' हा शब्द तर या लिपीत उतरतच नाही, कारण तिच्यात ट-वर्ग नाही आणि आपला र ही नाही. 'लीला' मात्र एल, आय आणि एल या तीन चौकोनांत पूर्ण बसते, आणि 'मीना' एम, आय, एन यांत.